पेठ सोडायची आहे, पण पायी फिरणं सोडायचं नाही: लहान मुलांना घेऊन पुण्यात कुठे राहायला जावं?

पाऊलवाट

आम्ही नारायण पेठेत राहतो. नवरा याच घरात लहानाचा मोठा झाला, मी लग्नानंतर इथे आले. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई आमच्याबरोबर असतात. चारचाकी नाही, घ्यायचीही नाही. एक स्कूटर आहे, ती नवरा शिवाजीनगरला ऑफिसला नेतो. माझं काम बरंचसं घरून चालतं, अधूनमधून कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात जावं लागतं.

पेठेत काय नाही? वाणी खालीच आहे, दूध दारात येतं, मुलांचे डॉक्टर पुढच्या गल्लीत. मंडई चालत, लक्ष्मी रस्ता चालत, मुलीची शाळा चालत. नगर वाचन मंदिरात ती आजीचा हात धरून जाते आणि पुस्तक स्वतः निवडते. ही श्रीमंती आहे आणि ती मला कळते. म्हणूनच निर्णय जड जातोय.

अडचण सुरू होते ती दाराबाहेर पाऊल टाकल्यावर. आमच्या गल्लीत फुटपाथ नावापुरता आहे आणि त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. सम-विषम तारखांप्रमाणे गाड्या बाजू बदलतात, माणसांसाठी मात्र कुठलीच बाजू उरत नाही. मुलगा चालायला लागल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उभ्या दुचाकीचा सायलेन्सर बरोबर त्याच्या पोटरीच्या उंचीला येतो. नुकतीच येऊन थांबलेली गाडी कोणती हे त्याला कसं कळणार? एकदा चांगलाच चटका बसला, फोड आला. तेव्हापासून मी त्याचा हात धरत नाही, मनगट धरते, कारण हात निसटतो. सहा वर्षांच्या मुलीलाही अजून एकटीला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवू शकत नाही. तिच्या वयाचा असताना माझा नवरा याच गल्लीतून एकटा तालमीपर्यंत जायचा.

सारसबाग, पेशवे पार्क आहे, पण तिथे जायचं तर स्कूटर किंवा रिक्षा. म्हणजे मुलांनी पळायचं तर आधी गाडीत बसायचं.

त्यामुळे बाहेर पडावं असं वाटतंय. मात्र जिथे दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते असं मोठ्या गेटच्या आतलं घर नको. वाणी, भाजी, डॉक्टर, बालवाडी, मैदान किंवा बाग, हे सगळं मुलांना घेऊन चालत जाता आलं पाहिजे, आणि वाटेत निदान काही ठिकाणी तरी मुलाचा हात सोडता आला पाहिजे. आधी भाड्याने राहून बघणार आहोत. कोथरूड, सहकारनगर, औंध, सिंहगड रस्ता अशी नावं डोळ्यासमोर आहेत. तिथे राहणाऱ्यांनी कृपया फ्लॅटबद्दल नको, फ्लॅटबाहेरच्या रस्त्याबद्दल लिहावं.

मुठाकाठ

माझा जन्म शनिवार पेठेतला, आजही तिथेच राहतो. तुमच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे आणि तरीही जाऊ नका असं सांगावंसं वाटतं.

पेठा चालण्यासाठीच वसल्या. बाजार, देऊळ, शाळा, तालीम, सगळं पायी अंतरावर. उपनगरातली माणसं हेच शोधत फिरतात. बिघडलंय ते फक्त गाड्यांमुळे, आणि ते दुरुस्त होऊ शकतं. २०२१पासून ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंतचा रस्ता गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी मुलांना घेऊन या. भर रस्त्यात मुलं बसून खेळतात, म्हातारी माणसं मधोमध चालतात. महापालिकेचं पादचारी धोरण २०१६चं आहे, कागदावर सगळं चांगलं लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०२४पासून मंडईला मेट्रोही आली, म्हणजे गाडी न आणता पेठेत यायची सोयही झाली.

लहान मुलांची घरं एकेक करून निघून गेली, तर उद्या फुटपाथ मागायला इथे कोण उरणार? हा प्रश्न तुम्हाला एकट्यांना नाही, आम्हा सगळ्यांनाच आहे.

पाऊलवाट

मुठाकाठ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी आम्ही होतो. मुलगा जो पळत सुटला तो थांबेचना. पण वर्षातला एक दिवस आहे तो, आणि मुलाचं अडीच-तीन वर्षांचं वय आत्ताच आहे. फुटपाथ मागायला मी तिथूनही येईन, हे मनापासून सांगते.

टेकडीवाला

कोथरूडमध्ये अनेक वर्षं राहतोय, आधी मयूर कॉलनी, आता डहाणूकर कॉलनी. दोन्ही ठिकाणी मुलं लहान असताना राहिलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला एकच कसोटी सांगतो: गल्ल्यांची आखणी कधीची आहे ते बघा, इमारत कधीची आहे ते नाही. पुण्याच्या ज्या उपनगरांत आजही सुखाने चालता येतं, त्यांची आखणी घरोघरी गाड्या येण्याच्या आधीची आहे. सहकारी गृहरचना संस्थांनी जमिनी घेतल्या, प्लॉट पाडले, मध्ये गल्ल्या ठेवल्या. बंगले आणि तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाता येतं. कोपऱ्याकोपऱ्यावर तळमजल्याला वाणी, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, शिंपी. मुख्य रस्त्यावर न जाता निम्मी कामं होतात. मयूर कॉलनी, डहाणूकर, आयडियल कॉलनी, सहकारनगर, औंधचा जुना भाग, ही सगळी अशीच वस्ती.

नंतर जो विस्तार झाला त्यात एक मोठा रस्ता, त्याला लागून एक मोठं गेट, आत हजारभर घरं, असं झालं. गेटमधून बाहेर पडलं की थेट तो मोठा रस्ताच. शेजारच्या सोसायटीत मैत्रीण राहते, भिंतीपलीकडे, पण तिच्याकडे जायला अख्खा वळसा आणि भरधाव वाहतूक.

आमच्या गल्ल्यांतही फुटपाथ बहुतेक ठिकाणी नाहीच. पण वाहतूक संथ आहे, झाडं आहेत, संध्याकाळी मुलं रस्त्यावरच क्रिकेट खेळतात आणि गाडीवाला थांबतो. माझी मुलगी सात-आठ वर्षांची झाल्यावर एकटी गिरणीतून दळण आणायची. थोरात उद्यान आहे. गांधी भवनाच्या मागे महात्मा सोसायटीची टेकडी आहे. पौड रस्ता ओलांडून वर गेलं की वेताळ टेकडी. अडीच वर्षांचं मूल टेकडीवर चढतं, खाली यायच्या वेळी खांद्यावर घ्यावं लागतं एवढंच.

पेठेशी नातं तुटणार नाही. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, यांपैकी जे जवळ पडेल ते मेट्रो स्टेशन धरा, डेक्कनला उतरा, झेड पुलावरून चालत नारायण पेठ. आजीलाही जमेल.

आता त्रास सांगतो, कारण तोही खरा आहे. पहिला कर्वे रस्ता. डहाणूकरच्या बाजूला राहिलात आणि बालवाडी पलीकडे असली, तर रोज दोनदा तो ओलांडायचा आहे. लहान मुलांसाठी बालवाडी, डॉक्टर आणि बाग कर्वे रस्त्याच्या एकाच बाजूला असतील असंच घर शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. दुसरा त्रास पुनर्विकास. चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती धडाधड पाडल्या जाताहेत. एका गल्लीत दोन-तीन कामं एकदम चालू असतात. पत्रे रस्त्यापर्यंत येतात, मिक्सर उलटे येतात, दिवसभर धूळ आणि ब्रेकरचा आवाज. आणि भाडेकरूंसाठी महत्त्वाचं म्हणजे ज्या इमारतीत घर घेताय तिचाच करार बिल्डरशी झालेला नाही ना, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना स्पष्ट विचारा. घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो आणि सहाव्या महिन्यात इमारत रिकामी करायची नोटीस लागते, असं आमच्या शेजारी झालं. लहान मुलांना घेऊन दोनदा बिऱ्हाड हलवणं सोपं नाही.

चिंचबन

टेकडीवाला यांना अनुमोदन. फक्त एक भर: आजूबाजूच्या इमारतींचंही विचारा. आपली इमारत पाडणार नसेल, पण खिडकीसमोरची पाडणार असेल तर मुलाची दुपारची झोप गेलीच.

अंगणवेल

टाउनशिपची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते. आम्ही शहराच्या पूर्वेला एका मोठ्या टाउनशिपमध्ये राहतो, नाव देत नाही.

आतलं चालणं खरंच सुंदर आहे. मगरपट्टा किंवा नांदेड सिटी बघितलीत तर कल्पना येईल. दोन्हीकडे शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून कंपनी काढली आणि पूर्ण वसाहत आखली. मगरपट्टा तर चारशे एकरांच्या वर आहे. रुंद पदपथ, मोठी झाडं, मध्ये बाग, शाळा आणि दुकानंही आत. माझी मुलं सायकल आतच शिकली, मला एकदाही मागे पळावं लागलं नाही. पेठेतल्या तुमच्या गल्लीच्या मानाने हे स्वर्गच वाटेल, आणि ते खोटं नाही.

पण हे सुख गेटपर्यंतच. आतलं दुकान महाग असतं, डॉक्टर आतले आवडले नाहीत तर बाहेर जायचं, आणि बाहेर गाडीशिवाय काही नाही. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर मुलांना क्लास, मित्र, वाचनालय हवं असतं आणि सगळं गेटबाहेर असतं. मग आई-बाबा सोडा-आणा करत बसतात. आमचा सगळा शनिवार त्यातच जातो. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत टाउनशिप उत्तम, त्यानंतर शेजारपाजार असलेली गल्ली बरी, असं माझं प्रामाणिक मत झालंय.

सिंहगड रस्त्याच्या टोकाला किंवा नव्याने महापालिकेत आलेल्या गावांच्या बाजूला घर बघत असाल तर पाण्याची चौकशी आधी करा. २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत आली, पण बऱ्याच ठिकाणी अजून टँकरवरच भिस्त आहे. जानेवारी २०२५मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आणि संशय पाण्यावर होता, हे सगळ्यांनाच आठवत असेल. पेठेत नळाला धरणाचं शुद्ध केलेलं पाणी येतं, त्याची आपल्याला इतकी सवय असते की हा प्रश्न विचारायचं सुचतच नाही. ‘पाणी चोवीस तास आहे’ या उत्तरावर थांबू नका. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारा. वॉचमन खरं सांगतो.

रेषाआखणी

मी रस्त्यांच्या आराखड्यांचं काम करते. पाऊलवाट, तुम्ही फ्लॅट नको, रस्ता सांगा म्हणालात, त्याचा फार आनंद झाला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे वस्तीतल्या पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन बाबागाड्या किंवा व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी जातील. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. विजेची डीपी (पेटी), झाड, बाक, पाट्या वगळून १.८ मीटर. आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे कित्येक ठिकाणी गुडघाभर उंच पदपथ बांधलेत. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो तुटतो, खाली उतरा, पुन्हा चढा. अडीच वर्षांच्या मुलाला ती पायरी म्हणजे तुमची मांडी-कंबर एवढी उंची. त्यामुळे लोक खाली रस्त्यावरूनच चालतात, आणि मग पदपथावर गाड्या येतात.

घर बघायला जाताना बाबागाडी घेऊन जा. घरापासून वाण्यापर्यंत आणि बागेपर्यंत ढकलत न्या. जिथे जिथे ती उचलावी लागेल किंवा रस्त्यावर उतरवावी लागेल, ती जागा लक्षात ठेवा. एजंट दाखवणार नाही ते सगळं दिसेल. संध्याकाळी सहा ते आठ याच वेळात जा. रविवारी सकाळी पुण्यातला कुठलाही रस्ता चांगलाच वाटतो.

औंधला डीपी रस्त्यावर स्मार्ट सिटीच्या काळात पदपथ रुंद केले, ते खरंच बघण्यासारखे आहेत. जंगली महाराज रस्त्याचंही तसंच, तिथे तर पदपथावर मुलांना खेळायलाही जागा ठेवलीय. परिहार चौकाच्या आजूबाजूला बाजार, डॉक्टर, दुकानं सगळं पायी आहे. भाडी मात्र चढी आहेत.

ओढ्याकाठ

सहकारनगरचं नाव आलं म्हणून लिहितेय. आम्ही अरण्येश्वरजवळ राहतो. भाग फार चांगला. तळजाईच्या टेकडीचा पायथा, सकाळी मोर ओरडतात, स्वारगेट जवळ, पेठ जवळ, शाळा भरपूर. लहान मुलांना घेऊन चालायला टेकडीवाला म्हणतात तशाच गल्ल्या.

पण २५ सप्टेंबर २०१९ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. कात्रजकडून येणारा आंबील ओढा एकाएकी इतका फुगला की भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल, सगळीकडे. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ नंतर रंग देईपर्यंत दिसत होती. माझ्या छातीच्या वर होती. तळमजल्याच्या घरातला पलंग छताकडे तरंगत गेला होता.

त्यामुळे ओढ्याच्या जवळ तळमजल्याचं घर, कितीही अंगण असलं तरी, लहान मुलं असताना घेऊ नका. उंचावरच्या गल्ल्या बघा. सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूला बघत असाल तर हाच प्रश्न. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघायला मिळतो. पण त्याआधी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हाताने दाखवतो.

नदीपलीकडचा

आधी बाणेरला बघा असं लिहिलं होतं, पण खालचा प्रतिसाद वाचून ते काढून टाकलं.

निवृत्त_बाणेर

पाऊलवाट ताई, तुम्ही सासूबाईंचा उल्लेख एकाच वाक्यात केलात. त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहू द्या.

आम्ही दोघं सदाशिव पेठेतून मुलाकडे बाणेरला आलो. मुलगा-सून फार मायेने बघतात, घर मोठं आहे, उजेड आहे, नातवंडं जवळ आहेत. पेठेत असताना मी सकाळी दूध घ्यायला जायचो आणि परत यायला तास लागायचा. चार ओळखीचे भेटायचे, वाचनालयात पेपर, येताना देवळात. इथे इमारतीखाली उतरलो की मोठा रस्ता आहे. पलीकडे बाग आहे, मला खिडकीतून दिसते. सिग्नल माझ्या चालीला पुरत नाही. मध्यावर आलो की गाड्या सुटतात. म्हणून मी जात नाही. नातवाला घेऊन तर नाहीच नाही.

तुमचा अडीच वर्षांचा मुलगा आणि तुमच्या सासूबाई एकाच वेगाने चालतात. दोघंही मध्येच थांबतात, दोघांनाही पायरी उंच वाटते, दोघांनाही बसायला बाक लागतो. जो रस्ता त्या दोघांना एकमेकांचा हात धरून, तिसऱ्या कुणाशिवाय पार करता येईल, तिथे घर घ्या. तसं घर मिळालं तर दुपारचे दोन तास तुम्ही निर्धास्त काम कराल आणि सासूबाईही घरात बसून राहणार नाहीत. आणि घर बघायला जाताना त्यांना बरोबर न्या. शेवटी घर पसंत झाल्यावर दाखवायला नेऊ नका.

मुठाकाठ

काका, डोळ्यात पाणी आणलंत.

बालवाडीताई

बालवाडीत शिकवते, त्यामुळे शाळेच्या अंगाने लिहिते.

धाकट्याची चिंता करू नका. राज्याच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण तर पहिली. त्याला अजून अवकाश आहे. घरापासून चालत जाता येईल अशी लहान बालवाडी बघा, नावाजलेली पण व्हॅनने जावं लागेल अशी नको. आमच्याकडे चालत येणारी मुलं आणि व्हॅनमधून येणारी मुलं यांत मला रोज फरक दिसतो. चालत आलेलं मूल बोलत येतं. वाटेत मांजर दिसलेलं असतं, खड्ड्यात पाणी साचलेलं असतं, काका गाडी धूत असतात. प्रार्थना होईपर्यंत तेच सांगायचं असतं. भाषा तिथेच तयार होते.

मोठीला मात्र मध्येच हलवू नका. पहिलीचं वर्ष पेठेतल्या शाळेत पूर्ण होऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीत घर बदललंत तरी एप्रिलपर्यंत बाबांबरोबर स्कूटरवर जाईल, येताना आजीबरोबर मेट्रोने येईल. एकाच वेळी घर, शाळा आणि मैत्रिणी तिन्ही जायला नकोत.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य असतं. भाड्याच्या घराचा पत्ता दाखवायचा तर करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला लागतो, नोटरी केलेला चालत नाही. घर बदलायचंच असेल तर अर्ज सुरू होण्याआधी करार नोंदवून घ्या.

चिंचबन

कराराचं निघालंच आहे तर, भाडेकरार लेखी करून नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. तोंडी किंवा नुसत्या नोटरीवर राहू नका. पुनर्विकासाची नोटीस आली तर हातात काहीतरी हवं. ‘इमारत रिकामी करायची झाल्यास तीन महिने आधी कळवणे’ असं कलम घालून घ्या.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं सांगणं घेऊन आम्ही फिरलो, ते लिहिते.

बाबागाडी नेली आणि सासूबाईंनाही नेलं. औंध खरोखर छान वाटलं. परिहार चौकाजवळ मुलगा पदपथावर माझ्यापुढे पळाला आणि मी ओरडले नाही, हे मलाच नवीन होतं. पण नवऱ्याचं ऑफिस, मुलीची शाळा आणि सासूबाईंच्या बहिणी, सगळं तिथून दूर पडलं. सहकारनगरला वरच्या बाजूची एक गल्ली खूप आवडली, तिथे घर मिळालं नाही. ओढ्याजवळचं एक अंगणवालं घर स्वस्तात मिळत होतं. समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, त्याने हात खांद्यापर्यंत नेला. तिथूनच परतलो.

डहाणूकर कॉलनीत पहिल्या मजल्यावर एक घर बघितलं. लिफ्ट नाही, फरशी जुनी, स्वयंपाकघर पेठेतल्यापेक्षा लहान. एजंट सारखा नव्या टॉवरमधलं घर दाखवायला बघत होता. आम्ही त्याला म्हटलं, खाली थांबा, आम्ही फिरून येतो. सासूबाई आणि मुलगा पुढे, मी बाबागाडी घेऊन मागे, आणि मी ठरवून काही बोलले नाही. मध्ये दोन जागी गाडी उचलावी लागली, एका ठिकाणी पत्र्यांमुळे रस्त्यावर उतरावं लागलं. वाणी लागला, गिरणी लागली, एका बंगल्याच्या कट्ट्यावर सासूबाई बसल्या. आतल्या बाईंनी विचारलं, नवीन आलात का? सासूबाई म्हणाल्या, बघायला आलोय. मग दोघींचं माहेर निघालं, दोघीही वाईच्या. मुलगा तेवढ्यात समोरच्या फाटकातल्या कुत्र्याशी बोलत होता आणि पंधरा-वीस मिनिटं त्याचं मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

सेक्रेटरींना पुनर्विकासाचं विचारलं. चर्चा चालू आहे, करार झालेला नाही, दोन वर्षं तरी काही होत नाही असं म्हणाले. चिंचबन यांनी सांगितलेलं कलम घरमालकांनी मान्य केलं. पाणी महापालिकेचं आहे, वॉचमनलाही विचारलं. कर्वे रस्ता ओलांडावा लागणार नाही, बालवाडी आणि डॉक्टर याच बाजूला आहेत.

दिवाळीनंतर जातोय. पेठेतलं घर बंद करणार नाही. सासूबाईंनी ठरवलंय की गुरुवार ते शनिवार त्या तिकडे राहतील, मुलगी शाळा सुटली की तिथे जाईल, आणि गणपतीत आम्ही सगळेच तिथे. मुठाकाठ, फुटपाथसाठी सह्या गोळा करायच्या असतील तेव्हा मला आणि सासूबाईंना दोघींनाही धरा.

एक प्रश्न राहिलाय. मुलीला पुढच्या जूनपासून कोथरूडच्या शाळेत घालायचं तर दाखला कधी काढायचा? आत्ताच काढून ठेवावा असं एक जण म्हणाले.

टेकडीवाला

अभिनंदन, या! तुमच्या गल्लीजवळच्या मैदानावर संध्याकाळी मुलं असतात, मुलीला सायकल आणा. संध्याकाळी भाजीची हातगाडी दारावरून जाते, पालेभाजी ताजी असते. दाखल्याचं बालवाडीताई सांगतील.

बालवाडीताई

दाखला आत्ता अजिबात काढू नका. दाखला काढला की जुन्या शाळेतलं नाव कमी होतं, आणि नवीन प्रवेश हातात नसतो. आधी कोथरूडच्या शाळेत प्रवेश नक्की करा. बऱ्याच शाळा नव्या वर्षाचे अर्ज खूप आधी घेतात, त्यामुळे चौकशी आत्तापासून करा. एप्रिलअखेर निकाल लागला की प्रगतिपुस्तकाबरोबर दाखला मागा. त्यावर जन्मतारीख, जात आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा, नंतर दुरुस्तीला फार फेऱ्या होतात. आधार क्रमांक दोन्ही शाळांना द्या, म्हणजे ऑनलाइन नोंद तिकडून इकडे वळते. आणि दाखला मिळायला उशीर झाला तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेला त्या कारणासाठी प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.